सशाच्या पायाखालची फरशी

मी म्हातारी झाले नाही, आमच्या घरात संगमरवरी फरशी आली. या दोन गोष्टींतला फरक माझ्या मुलाला कळत नाही, म्हणून अक्षय्य तृतीयेला वास्तुशांती झाली तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. तर त्यानं आधी ओल्या पायानं आमच्या घरात चालून दाखवावं, मग बोलावं.

माझं नाव मनकर्णा. साखरा गावच्या शाळेत मुलांना शिकवून मी निवृत्त झाले. पावसाळ्यात काळ्या रानातल्या चिखलातून, चप्पल हातात घेऊन शाळा गाठायची. पाय घोट्यापर्यंत रुतायचा, पण कधी पडले नाही. मुलं पडायची, बाकीचे गुरुजी पडायचे आणि मी त्यांना हात द्यायची. हे सगळं माझ्या मुलाला, वैजनाथला, माहीत आहे. लहानपणी माझ्याच कडेवर बसून तो त्या चिखलातून शाळेत आला आहे. पण आता त्याला ते आठवत नाही. आता त्याचं हिंगोलीकडच्या गोरेगावात खत-बियाणांचं दुकान आहे, दुकानाच्या मागं नवं घर आहे, आणि घरात ती फरशी आहे.

त्या फरशीचं त्याला काय वेड! राजस्थानहून ट्रक आला तेव्हा एकेक फरशी उन्हात धरून, डाग बघून त्यानं निवडली. बसवून झाल्यावर पॉलिशवाल्याला तीन वेळा मशीन फिरवायला लावली. मला हाताला धरून आत आणलं आणि म्हणाला, "बघ माय, तोंड दिसून राहिलं!"

मी म्हटलं, "तोंड बघायला आरसा हाय की. फरशी चालायला असती."

तो हसला. आईचं बोलणं गमतीवारी न्यायचं हे तो फार लवकर शिकला आहे. वास्तुशांतीला सगळं गाव आलं, चपला अंगणात काढून आत आलं आणि मान खाली घालून फरशीत आपापलं तोंड बघत बसलं. देवळासारखं घर झालं म्हणे. अरे, देवळात सुद्धा माणसं पडतात.

आषाढात मी पडले. अंघोळ करून देवाला दिवा लावायला निघाले होते. दोन्ही पाय पुढं गेले आणि मी मागं राहिले. हाड मोडलं नाही, पण मांडी काळीनिळी झाली. वैजनाथनं दुकानातून धावत येऊन मला उचललं, खाटेवर ठेवलं आणि म्हणाला, "माय, वय झालं आता तुहं. बघून चालत जाय."

"फरशी निसरडी हाय, वैजनाथ."

"फरशीला काय झालं? आमी सगळे चालतोच की."

झालं. त्या दिवसापासून माझं वय झालं. हिंगोलीला नेऊन माझ्या गुडघ्यांचे फोटो काढले. डॉक्टरांनी विचारलं, चालताना तकलीफ होते का? मी तोंड उघडायच्या आत वैजनाथ म्हणाला, "व्हय, लई होती." कुठं चालताना, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. गोळ्या मिळाल्या. घरी आल्यावर माझी खाट बैठकीच्या कोपऱ्यात आली. ताट खाटेवर, पाणी खाटेवर, औषध खाटेवर. स्वयंपाकघर बंद. ज्या बाईनं वर्गातली पोरं दिवसभर उभं राहून सांभाळली, तिला तो म्हणतो, "तू नुसती बसून राहा." आणि असं म्हणताना त्याचा आवाज इतका मऊ होतो की बाहेरच्या माणसाला वाटावं, काय सेवा करतो हा आईची!

आता खरी गंमत ऐका. मागच्या दारी अंगण आहे. तिथं फरशी नाही, माती आहे, निंबाचं झाड आहे आणि झाडाखाली माझा जुना पाटा-वरवंटा आहे, कारण नव्या स्वयंपाकघरात त्याला जागा मिळाली नाही. माझी सून प्रियदर्शनी मला हात धरून मागच्या दारापर्यंत न्यायची. पायरी उतरली की मी तिचा हात सोडायची आणि सरळ चालायची. निंबापर्यंत, गोठ्यापर्यंत, कुंपणाला वळसा घालून परत. वैजनाथनं एकदा हे बघितलं. बघून काय म्हणावं त्यानं? "बाहेरची हवा लागली की तुला बरं वाटतं, माय."

हवा! अरे, पायाखाली माती लागली रे माझ्या, हवा नव्हे. पण ज्याला बघायचंच नाही त्याला डोळ्यांत बोट घालून तरी काय दाखवणार?

असं सगळं चालू असताना घरात ससा आला.

हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत नात प्रतिक्षा हट्टाला पेटली आणि बापानं तिला पांढरा ससा घेऊन दिला. तिनं त्याचं नाव कापशा ठेवलं. पोरीचा ससा आठ दिवसांत बापाचा झाला. दुकानातून आला की हातपाय धुवायच्या आधी पिंजऱ्यापाशी. त्याला मेथी निवडून द्यायची, त्याच्या कानाला हात लावून तो गरम आहे की गार ते बघायचं. मला ससा आवडतो, उगाच खोटं का बोलू. पण वैजनाथनं माझ्या कपाळाला असा हात कधी लावला होता, ते आठवायला मला वेळ लागला.

पिंजरा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला होता. खाली लोखंडी जाळी, म्हणजे घाण खाली पडते आणि पिंजरा साफ राहतो. थोड्याच दिवसांत सशाचे तळवे लाल झाले, केस झडले. वैजनाथचा जीव कासावीस. त्यानं जाळीवर काय टाकावं? घर बांधताना उरलेली संगमरवरी फरशी! मापात कापून आणली, बसवली, आणि पुन्हा तेच कौतुक. "आता कापशाला बी घरासारखीच फरशी."

पिंजरा माझ्या खाटेच्या बरोबर समोर. मला दुसरं कामच नव्हतं, मी दिवसभर सशाकडं बघायची. पहिल्याच दिवशी मला कळलं. त्यानं उडी मारायला मागचे पाय टेकले की ते दोन्हीकडं फाकायचे. एकदा झालं, दोनदा झालं, मग त्यानं उडी मारणं सोडलं. कोपऱ्यात जाऊन, लोखंडी गजाला अंग लावून बसला. मेथीची काडी समोर धरली तरी येईना. आलाच तर पाय न उचलता, पोट घासत यायचा. मीही खाटेपासून भिंतीपर्यंत तशीच जाते, तळवे न उचलता, सरकत. समोर मला माझंच चालणं दिसत होतं आणि अंगाचा तिळपापड होत होता.

मी म्हटलं, "वैजनाथ, त्याचा पाय घसरून राहिला. ती फरशी काढ."

"माय, तुला सशातलं काय कळतं?"

मला सशातलं नसेल कळत, घसरण्यातलं कळतं. मनात म्हटलं, बघू, किती दिवस लागतात या शहाण्याला.

फार दिवस लागले नाहीत. सशानं खाणं कमी केलं तसा हा घाबरला. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी पायाखाली काय आहे ते बघा. मग काय विचारता! संध्याकाळी पिंजऱ्यापुढं मांडी घालून बसला, मोबाइल हातात घेतला, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं वाचायला लागला. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. गुळगुळीत जागेवर त्याचा पाय धरत नाही. घसरायच्या भीतीनं तो हालणं सोडतो. हालणं सोडलं की पायांतली ताकद जाते, आणि मग घरच्या माणसांना वाटतं की जनावर आजारी पडलं.

हे त्यानं वाचलं. मोठ्यानं. माझ्यापासून दोन हातांवर बसून.

मी त्याच्याकडं बघत राहिले. म्हटलं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडेल, आता हा मान वर करेल आणि माझ्याकडं बघेल. आणि खरंच त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं.

"माय," तो म्हणाला, "तुह्या उशाचा चार्जर दे जरा."

मी चार्जर दिला. फेकून मारला नाही, एवढंच.

पुढचे काही दिवस घरात एकच विषय, सशाच्या पायाखाली काय घालावं. आधी रबरी पायपुसणं आणलं. सशानं एका रात्रीत त्याचा कोपरा खाल्ला. रबर पोटात गेलं तर आतडं अडकेल म्हणून डॉक्टरांनी ते काढायला लावलं. मग वर्तमानपत्र. कागद फरशीवरून सरकायचा आणि ससा कागदासकट गजांवर आदळायचा. सोयाबीनचं भुसकट टाकलं तर त्याला शिंका आल्या. मग एक दिवस दुकानाच्या मागून रिकामं पोतं घेऊन आला. पोत्याला पाय धरतो, हे बरोबर होतं. पण ते पोतं पिंजऱ्यात जायच्या आधीच मला वास आला. हळदीचं बेणं लावायच्या आधी औषधाच्या पाण्यात बुडवतात, आणि निथळायला ज्या पोत्यावर टाकतात, त्यातलं ते पोतं!

"काढ!" मी खाटेवरून ओरडले. "त्या पोत्याला औषधाचा वास येऊन राहिला. ससा चाटील की ते, मरंल! दुकानात बसून औषधं विकतो, लोकांला हात धुवायला सांगतो, अन् घरी ते सशाखाली अंथरतो व्हय रे?"

तो चपापला. पोतं बाहेर नेऊन टाकलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "मंग काय घालू, माय?" त्यानं विचारलं.

किती महिन्यांनी त्यानं मला काही विचारलं होतं, आणि तेही सशासाठी. राग आला. पण समोर ते मुकं जनावर गजाला चिकटून बसलं होतं, त्याचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी वैजनाथ दुकानात गेल्यावर मी प्रियदर्शनीला म्हटलं, "ससा टोपल्यात ठेव अन् ती फरशी काढून मला निंबाखाली ने."

तुमच्या घरी मिक्सर असेल, म्हणून सांगते. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो. मग त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती वरवंट्याखालून पळते. अशा वेळी पाटा टाकवून घ्यायचा. म्हणजे लोखंडी टाकी, छिन्नीसारखी, आणि हातोडी घेऊन त्याच्यावर बारीक बारीक घाव घालायचे, सगळं अंग खडबडीत करायचं. पूर्वी टाकी लावणाऱ्या बाया गल्लीतून हाका देत यायच्या. आता कोण येतं? त्या यायच्या बंद झाल्या तेव्हा मी सेनगावच्या बाजारातून माझी टाकी घेतली आणि हात बसवला. दगड गुळगुळीत झाला तर त्याला टाकवायचं, ही काय मोबाइलवर वाचायची गोष्ट आहे?

निंबाखाली बसून मी ती फरशी टाकवली. संगमरवर आमच्या काळ्या पाट्यापेक्षा कितीतरी मऊ निघाला. टाकी टेकवायचा अवकाश, पांढरी भुकटी उडायची. सगळी फरशी खरखरीत झाल्यावर विटेच्या तुकड्यानं वरून घासली, म्हणजे सशाला टोचायला नको. बसायच्या कोपऱ्यात शिंदीच्या चटईचा तुकडा घातला. चटई खाल्ली तरी पोटात पाल्याशिवाय काही जाणार नाही.

ससा पिंजऱ्यात सोडला. त्यानं आधी वास घेतला. एक पाय टाकला, थांबला. दुसरा टाकला. मग मागच्या दोन्ही पायांवर उभा राहून त्यानं गजावर पुढचे पाय टेकवले आणि नाक हलवत माझ्याकडं बघितलं. थोड्या वेळात तर तो पिंजऱ्यात गिरक्या घ्यायला लागला. प्रतिक्षा टाळ्या पिटत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली.

वैजनाथ आला, बघितलं आणि वेडाच झाला. "कमाल केली माय! कमाल केली!" सशाचा व्हिडिओ काढला, दहा जणांना पाठवला. फोनवर सांगत होता, "आमच्या मायनं फरशीला टाकी लावली, म्हनून चालून राहिला." मग पिंजऱ्यापुढं बसला, सशाच्या पाठीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाला, "बिचारं जनावर. इतके दिवस नुसतं भिऊन बसलं होतं, अन् मी म्हनत होतो आजारी हाय."

मी खाटेवर होते. माझे पाय खाटेखाली लोंबत होते. ते त्याच्या नजरेसमोर होते.

"माय," तो म्हणाला, "उद्या हिंगोलीहून तुह्यासाठी बी एक चीज येऊन राहिली."

आणि मी, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शहाणं करणारी बाई, मी खुळ्यासारखी खूश झाले. मला वाटलं, कळलं याला. उशिरा का होईना, कळलं. माझ्या पायाखाली घालायला काहीतरी येणार. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी टेम्पो आला. वैजनाथनं खोकं स्वतः उचलून आणलं, फोडलं. आतून खुर्ची निघाली. पांढरी, प्लास्टिकची. बसायच्या जागी भोक, खाली डबा, वर झाकण.

"खाटेजवळच ठिवू," तो म्हणाला. "आता तुला उठायची बी गरज न्हाई."

मी पदर तोंडाशी नेला. त्याला वाटलं, आईला गहिवरून आलं. माझ्या खांद्यावर थोपटून तो दुकानात गेला. जाता जाता सशाला टाटा केला.

मी त्या खुर्चीकडं बघत बसले. सशाची फरशी बदलली, माझी खुर्ची आणली. सशाला चालता यावं म्हणून घरादारानं आटापिटा केला, आणि मला चालावंच लागू नये म्हणून हिंगोलीहून टेम्पो आला. सशाला भीती होती, मला वय होतं. माझ्या पोटच्या पोरानं माझं हगणं-मुतणं बैठकीत मांडलं होतं, पण चकचकीत फरशीला हात लावायचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता!

"प्रिया," मी हाक मारली, "टाकी आण."

"काहून, आत्याबाई? पाटा तर..."

"आण म्हटलं ना."

तिनं टाकी-हातोडी आणून दिली. मी खाटेवरून खाली बसले, खाटेच्या पायापाशीच, आणि पहिला घाव घातला. आवाज सगळ्या घरात घुमला. प्रियदर्शनीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटलं, ही आता नवऱ्याला फोन करणार. तिनं पुढचं दार लावून घेतलं, केरसुणी आणली आणि माझ्याजवळ बसून भुकटी गोळा करायला लागली.

वैजनाथ जेवायला आला तोवर तिसरी फरशी होत आली होती. माझे केस पांढरे होतेच, हात आणि लुगडंही पांढरं झालं होतं.

"माय!" तो दारातूनच ओरडला. "येडी झाली का तू? काय करून राहिली हे?"

"टाकवून राहिले."

"अगं, मार्बल हाय ते! पाहुने येतील, काय म्हनतील?"

"काल एवढीच फरशी टाकवली तर कमाल केली म्हनत होता. आज काय झालं?"

"ते सशासाठी होतं!"

बोलून गेला. आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण तो थांबला. मी थांबले नाही.

"व्हय, ते सशासाठी होतं! सशाला कुनी म्हनलं न्हाई, तुहं वय झालं. सशाच्या गुडघ्याचे फोटो काढले न्हाईत. त्याच्या पायाखाली हात घालून बघितलंस, फरशी कशी हाय. माह्या पायाखाली कवा बघितलंस रे? आषाढापासून सांगून राहिले, फरशी निसरडी हाय, फरशी निसरडी हाय. तुला माह्यं गाऱ्हानं ऐकू येत न्हाई, अन् सशाचं न बोलता ऐकू येतं!"

"पन माय, आमी सगळे चालतोच की ह्याच्यावर..."

"मी बी पडले," प्रियदर्शनी म्हणाली.

ती अजून केरसुणी घेऊन खालीच बसली होती. तिनं बाही वर केली. कोपराला जुना काळा डाग होता. मला ती भाजल्याचा म्हणाली होती.

"कवा?" वैजनाथनं विचारलं.

"पोळ्याला. अन् त्याच्या आंधी एकदा, हंडा घेऊन येताना."

"मंग मला काहून सांगितलं न्हाई?"

"सांगून काय झालं असतं? तुमी म्हनले असते, बघून चालत जाय."

अजूनही वैजनाथच्या चेहऱ्यावर तोच हट्ट होता. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं बियाणं उगवलं नाही, आणि हा म्हणतो तुमी पेरलं बराबर नसंल, तसा चेहरा. मी खाटेचा आधार घेऊन उठले. टाकवलेल्या फरशीवर पाय ठेवला. भिंतीला हात न लावता पहिली ओलांडली, दुसरी ओलांडली, तिसऱ्या फरशीच्या टोकाशी आले आणि थांबले. पुढं त्याची ती आरशासारखी चमकणारी फरशी होती.

"ये ना," तो पलीकडून म्हणाला. "आली ना इथवर? ये. मी हाय."

"न्हाई येत."

"काहून?"

तेवढ्यात प्रतिक्षानं सशाला पिंजऱ्यातून सोडलं. मुद्दाम सोडलं की दंगा बघून घाबरली म्हणून, ते तिलाच माहीत. पिंजऱ्याचं दार खाटेकडं होतं. कापशा खाली उतरला आणि टाकवलेल्या फरशीवर पाय लागताच टुणटुण उड्या मारत माझ्या मागून आला. पहिली फरशी, दुसरी, तिसरी. माझ्या पायाशी येऊन तो थांबला. पुढचा एक पाय त्यानं गुळगुळीत फरशीवर टाकला, पाय सरकला, आणि त्यानं तो झटकन मागं घेतला. मग तिथंच बसून राहिला.

वैजनाथ खाली बघत होता. त्याच्या समोर, एका रेषेवर, सशाचे पाय होते आणि माझे पाय होते.

मग तो खाली बसला. सशाला उचलायला बसला असं मला वाटलं, पण त्यानं हात माझ्या पावलावर ठेवला. बोटं अशी चाचपून बघितली, जणू पाय नवाच कुणीतरी आणून ठेवलाय. माझ्या अंगठ्याचं नख आषाढातल्या पडण्यात गेलं होतं, अर्धवट परत आलं होतं. ते त्यानं पहिल्यांदा बघितलं.

"माय..." तो म्हणाला आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले.

मला कळवळा आला का? आला, पोर आहे माझं. पण राग त्याहून मोठा होता आणि मी तो सोडला नाही. टाकी त्याच्यापुढं टाकली.

"रडू नको. टाकव."

त्यानं टाकी हातात घेतली. पहिल्याच घावाला फरशीचा कोपरा उडाला.

"तिरपी धर!" मी ओरडले. "खिळा ठोकायचा न्हाई. हळू, सगळीकडं सारखं."

उभं राहून माझी कंबर भरून आली होती. बसायला काही जवळ नव्हतं, म्हणजे होतं, ती खुर्ची होती. प्रियदर्शनीला म्हटलं, झाकण लाव आणि आण इकडं. तिनं आणली. मी तिच्यावर ऐसपैस बसले, ससा मांडीवर घेतला आणि मुलाच्या पाठीवर नजर ठेवली. हिंगोलीहून आणलेली चीज अशी कामाला आली.

"कुठवर, माय?" त्यानं घाम पुसत विचारलं.

"चुलीपर्यंत. तिथून मागच्या दारापर्यंत."

"अन् पाहुने?"

"पाहुन्यांला खाली बघायची सवय हायच. बघतील."

चार दिवस लागले त्याला. हाताला फोड आले, दुकान प्रियदर्शनीनं बघितलं. आता आमच्या बैठकीतून एक पांढरी खरखरीत वाट जाते, खाटेपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून अंगणापर्यंत. दिसायला चांगली दिसत नाही. शेजारच्या बायका विचारतात, एवढ्या चांगल्या फरशीचं हे काय करून घेतलं? प्रियदर्शनी सांगते, आमी चालतो त्याच्यावरून. ससाही त्याच वाटेनं फिरतो, तिच्याबाहेर पाय टाकत नाही.

माझा राग गेला का, असं परवा वैजनाथनं विचारलं. नाही गेला. सशाला जे न मागता मिळालं, ते मला ओरडून आणि फरशी फोडून घ्यावं लागलं, आणि तेही सशानं साक्ष दिली तेव्हा. हे मी इतक्या लवकर विसरणार नाही.

आज सकाळी मी उठले, भिंतीला हात न लावता चुलीपर्यंत गेले आणि चहा टाकला. वैजनाथ बैठकीत बसला होता. त्याचा कप हातात घेऊन, सांडू न देता, मी त्याच्यापर्यंत चालत गेले. तो माझ्या पायांकडं बघत होता. मी कप त्याच्यापुढं आपटूनच ठेवला.